गांधीजींचं भाषण हाडांनी का लिहिलं? सिडनीतल्या शिल्पाचं वऱ्हाडाशी नातं काय?

जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो देशभर व्हायरल झाले. पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग बदलला. बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरसारख्या शेजारच्या गावांना या खारटपणाचं नवल नाही. 'लोणार' या नावातच लवण आहे. याच मिठावरचं एक भाषण आज ऑस्ट्रेलियातल्या संग्रहालयात आहे, तेही हाडांच्या रूपात.

नेमकं काय आहे हे शिल्प?

नाव 'पब्लिक नोटीस २', वर्ष २००७. कलाकार मुंबईचे जितिश कल्लाट. दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी, ११ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी साबरमतीच्या काठी केलेलं भाषण यात आहे. प्रत्येक अक्षर रेझिनमध्ये घडवलेल्या हाडासारखं दिसतं. अशी सुमारे साडेचार हजार अक्षरं पिवळ्या भिंतींवरच्या फळ्यांवर ओळीने मांडली आहेत. हे काम सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्सच्या संग्रहात आहे.

हाडंच का?

कल्लाट यांच्या या मालिकेत साहित्यच अर्थ सांगतं. २००३च्या पहिल्या 'पब्लिक नोटीस'मध्ये नेहरूंचं १४-१५ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्रीचं भाषण होतं. आरशांवर डिंकासारख्या ज्वलनशील पदार्थाने अक्षरं लिहून ती जाळली होती. वाचणाऱ्याला त्यात स्वतःचा वेडावाकडा चेहरा दिसायचा. दुसऱ्या कामात अहिंसेचं आवाहन उत्खननात सापडलेल्या अवशेषांसारखं समोर येतं. अवशेष लोक जपतात, पण वापरत नाहीत. शिल्पाचा बोचणारा प्रश्न इथेच आहे.

वऱ्हाडात काय घडलं होतं?

मीठ तयार करणंच नाही, तर खारी माती जवळ बाळगणंही गुन्हा आहे, हे गांधीजींनी त्या भाषणात सांगितलं होतं. जिथे शक्य असेल तिथे हा कायदा मोडा, असं त्यांचं आवाहन होतं. वऱ्हाडात समुद्र नाही. तरीही १९३०च्या एप्रिलमध्ये अकोल्याजवळच्या दहीहंडा इथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ बनवून सत्याग्रह झाला. पुढे जुलैमध्ये बापूजी अणे यांनी पुसदमध्ये जंगल सत्याग्रह केला. म्हणजे इथे ते भाषण फक्त ऐकलं गेलं नाही, गावच्या विहिरीपर्यंत पोहोचलं.

आज याचं महत्त्व काय?

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि उत्तर बुलढाण्यात पसरला आहे. ज्या खाऱ्या पाण्याने तेव्हा कायदा मोडला, तेच तिथल्या गावांसाठी आज पिण्याच्या पाण्याचं संकट आहे. भाषणांच्या क्लिप आता रोज फिरतात आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या जातात. कल्लाट यांचं शिल्प वाचकाला एकेका अक्षरापाशी थांबवतं. ती अक्षरं अवशेष ठरणार की पुन्हा उपयोगी पडणार, हे मात्र संग्रहालयाबाहेरच ठरेल.