कॅम्पची फी विचारली. पाण्याजवळ कोण उभं असतं, ते विचारलं का?

परीक्षा संपत आल्या आणि टीव्ही सेंटरपासून गारखेड्यापर्यंत खांबाखांबावर समर कॅम्पचे फ्लेक्स झळकले. स्विमिंग, स्केटिंग, घोडेस्वारी, अबॅकस, वर संस्कार वर्ग. सगळं दहा दिवसांत! आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर रोज तेच प्रश्न: फी किती? व्हॅन येते का? सर्टिफिकेट मिळतं का?

आधी माझीच कबुली देतो. या शहरात पत्रकारिता करताना दर एप्रिलला 'सुट्टी विशेष' पुरवणीचं काम केलंय. जाहिरातदारानं दिलेला मजकूर बातमीच्या भाषेत बसवून दिलाय. 'तज्ज्ञ प्रशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली' ही ओळ तर हाताला इतकी सवयीची झाली होती की तज्ज्ञ म्हणजे कोण, हे एकदाही विचारलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या पोराला शहराबाहेरच्या एका फार्महाऊसवरच्या कॅम्पला घातलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तो सहज बोलून गेला, "पप्पा, आज एक मुलगा पाण्यात खाली गेला होता. मोठ्या दादानं ओढलं त्याला."

"सर कुठं होते?"

"सर फोटो काढत होते."

तेच फोटो दुपारी ग्रुपवर आले होते आणि मी त्यावर अंगठा दाखवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी स्वतः गेलो. टाक्यात तीसेक मुलं, काठावर एक माणूस, तोही स्केटिंग शिकवणारा. दोरी नाही, ट्यूब नाही, पाणी कुठं किती खोल याची साधी खूणसुद्धा नाही. परवानगीचं विचारलं तर आयोजक हसले. "अहो साहेब, आपल्याच शेतात पोरं खेळवायला कशाची परवानगी?" पोराला घेऊन घरी आलो. बातमी मात्र केली नाही. ओळखीतले होते ना! बाकीच्या तीस पोरांच्या आईबापांना मी काहीच सांगितलं नाही, हे अजून खुपतं.

'आपल्याकडं काही होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईच्या एका शाळेची मुलं पुणे जिल्ह्यात, मुळशी तालुक्यातल्या कातरखडकला समर कॅम्पसाठी आली होती. तिथल्या धरणाच्या पाण्यात तीन मुलं बुडून गेली. तेरा वर्षांच्या आसपासची पोरं. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी गेले. ती तर मोठी मुलं होती, सोबत शिक्षकही होते. सोबत असणं वेगळं आणि पाण्यावर नजर ठेवणं वेगळं.

नियम नाहीत असंही नाही. ट्रेकमध्ये मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केला, तेव्हा साहसी उपक्रमांच्या सुरक्षेचे शासन निर्णय निघाले. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात तर पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी सक्तीची केली आहे. म्हणजे म्हैसमाळला किंवा गौताळ्यात रॅपलिंग, झिपलाइन करायला पोरं नेणाऱ्याकडं नोंदणीचा कागद मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कागद असला म्हणजे पोर सुरक्षित, असं मी म्हणणार नाही. पण तो मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून बरंच कळतं.

शहरातल्या हॉलमध्ये, लॉनवर चालणाऱ्या कॅम्पचं तर अजूनच अवघड. तिथं पालकच इन्स्पेक्टर. पैसे भरण्याआधी एकदा जागेवर जा, तेही न सांगता. पत्र्याचं शेड असेल तर दुपारी एक वाजता पाच मिनिटं आत बसून बघा, मे महिन्यातलं आपलं ऊन काय असतं ते सांगायला नको. प्यायचं पाणी कुठून येतं ते विचारा. आपल्या शहरात पाण्याचे काय हाल आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. जवळचा दवाखाना किती मिनिटांवर, आणि पोराला न्यायची वेळ आली तर गाडी कोणाची?

आणि एक प्रश्न, जो विचारायला आपण लाजतो. लहान मुलींना, मुलांना बाथरूमला कोण नेतं? कपडे बदलताना जवळ कोण असतं? व्हॅनवाल्याची, शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी झालीय का? चांगला आयोजक यावर चिडत नाही. चिडला तर फी वाचली समजा. पोरानं घरी येऊन काही वावगं सांगितलंच तर 'कॅम्पचं नाव खराब होईल' म्हणून दाबू नका. पोक्सो कायद्यात अशी गोष्ट माहीत असून पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. १०९८ हा नंबर पोरांनाही पाठ करून द्या.

महापालिकेकडं माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक झोन कार्यालयात कॅम्पची साधी वही ठेवा: जागा, आयोजक, मुलांची संख्या, पाणी आहे की नाही. होर्डिंगची परवानगी देताना हे चार रकाने भरून घ्यायला किती वेळ लागतो?

यंदा पोराला परत स्विमिंगला जायचंय. रविवारी दोन ठिकाणं बघायला निघालोय, तोही सोबत येतोय. तुमच्या भागात कॅम्प चालू असेल तर तिथं काठावर कोण उभं असतं ते बघा आणि मला इनबॉक्स करा. या वेळी बातमी करणार आहे, ओळखीतले निघाले तरी.