पेशीचे कूळ आणि पेशीचे काम

बाळंतिणीची वार परसात पुरायची आणि मग जन्मभर 'आमची नाळ या मातीत पुरली आहे' असे अभिमानाने सांगायचे, ही रीत ज्या करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, मुलुखात अद्याप पुरती लोपलेली नाही, त्याच मुलुखातील कसबा बावड्यात, डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात, मूलपेशींच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे, याची वार्ता गावात फारशी पसरलेली दिसत नाही. विषय निघालाच, तर लोक विचारतात ते इतकेच, की कोणती पेशी सर्वांत चांगली, मज्जेतली, चरबीतली की नाळेतली? प्रश्न साहजिक आहे. परंतु तो गुळाच्या सौद्यात शोभावा अशा जातीचा आहे.

हाड, कूर्चा आणि चरबी घडवू शकणाऱ्या ज्या पेशींचा माग मॉस्कोच्या फ्रीडनस्टाइन यांनी अस्थिमज्जेत काढला, त्यांना 'मेसेन्कायमल मूलपेशी' हे नाव १९९१ साली आर्नल्ड कॅप्लान या अमेरिकी शास्त्रज्ञाने दिले. मज्जेत त्यांचे प्रमाण दहा हजार पेशींत एक किंवा त्याहूनही अल्प. त्या मिळविण्यासाठी कमरेच्या हाडात सुई घालावी लागते, आणि दात्याच्या वयाबरोबर त्यांचा जोमही ओसरतो. चरबीत त्या मुबलक असतात. नाळेतील रक्तवाहिन्यांभोवतीचा बुळबुळीत गर, ज्याला सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस व्हार्टन यांचे नाव लागले आहे, तो तर कोणालाही टोचल्यावाचून हाती येतो आणि त्यातील पेशी वयाने कोवळ्या असतात. आपली मुले जे दुधाचे दात कौलांवर भिरकावीत, त्यांच्या गरातही अशा पेशी असल्याचे २००३ मध्ये सिद्ध झाले.

या साऱ्यांची ओळख पटविण्यासाठी २००६ साली पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कसोट्या ठरविल्या : पेशी प्लॅस्टिकच्या बशीला चिकटावी, तिच्या अंगावर अमुक प्रथिने असावीत व तमुक नसावीत, आणि तिला हाड, कूर्चा व चरबी ही तिन्ही रूपे घेता यावीत. गंमत अशी, की मज्जा, चरबी आणि नाळ या तिघींच्या पेशी ही परीक्षा उत्तीर्ण होतात आणि तरीही वागतात निरनिराळ्या. मज्जेतील पेशीचा ओढा हाडाकडे अधिक, तर नाळेतील पेशी भराभर वाढणारी. खुद्द कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये आपले जुने नाव बदलावे अशी सूचना केली, कारण या पेशी स्वतः नवी ऊती बनण्यापेक्षा शेजारच्या पेशींना उपकारक द्रव्ये स्रवून काम साधतात, असे त्यांचे मत झाले होते. शिवाय एकाच रानातला ऊस दोन गुळव्यांच्या हाती दोन रंगांचा गूळ देतो, तद्वत दात्याचे वय, पोषकद्रव आणि पेशी किती वेळा वाढविल्या, यांनीही निकाल पालटतो. म्हणून एकाच छताखाली, एकाच रीतीने आणि एकाच मापाने केलेल्या तुलनेलाच मी किंमत देतो. बाकीच्या तुलना म्हणजे निरनिराळ्या तागड्यांत तोललेला माल.

जाहिरातवाल्यांना मात्र एवढी सबुरी नसते. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तरोगांवरील सुप्रस्थापित प्रत्यारोपण वगळता इतर मूलपेशी-उपचार संशोधनाच्या कक्षेत ठेवले. पुढे २०२० मध्ये बंगळूरच्या एका उत्पादनाला औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, ती मज्जेतील पेशींसाठी आणि पायाचा रक्तपुरवठा खुंटविणाऱ्या विकारापुरती. त्या विकाराचे एक कारण असलेल्या बर्गर रोगाचे तंबाखूशी सख्य जगजाहीर आहे, आणि तंबाखूची निपाणी आपल्याला काही दूर नाही. मंजुरी मिळते ती अशी, विवक्षित रोगाला आणि विवक्षित उत्पादनाला. 'नाळेच्या पेशी' एवढ्या नावावर गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सर्व काही बरे करण्याची हमी देणारा इसम पेशीचे काम दाखवीत नाही, तिचे कूळ विकतो. आणि शाहू महाराजांच्या नगरीत निव्वळ कुळावर मोल ठरावे, हे मला विशेष खटकते.

एकाच मापाने करायच्या त्या खऱ्या तुलनेला नाळा लागतात आणि त्या द्यायच्या असतात बायकांनी. राधानगरी-गगनबावड्याकडून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात बाळंतपणाला आलेल्या बाईकडे उद्या कोणत्याही संशोधनासाठी नाळ मागितली गेली, तर संमतीचा मसुदा सोप्या मराठीत असावा, वेणा सुरू होण्यापूर्वी तो तिला वाचून दाखवावा, पेशींचा पुढे व्यापार झाल्यास त्याचा उल्लेख त्यात स्पष्ट असावा. आणि नकार दिल्याने उपचारात तसूभरही कसूर होणार नाही, हे कलम अगदी पहिल्या ओळीत यावे.