भीमगीत घरच्यांना परत द्या!

मागच्या हिवाळ्यात चंद्रपुरातील एका वस्तीतले सात-आठ तरुण कार्यकर्ते माझ्याकडे आले. शनिवार-रविवार असे दोन दिवस, सायंकाळी पाच ते रात्री दहा, एका सार्वजनिक बागेत भीम-बुद्ध गीतांचा कार्यक्रम घ्यायचा, लेकरेबाळे, आयाबहिणी, म्हातारेकोतारे सर्वांना बसून ऐकता येईल असा, ही त्यांची कल्पना. संबंधित कार्यालयाने त्यांचा अर्जच स्वीकारला नाही. "बागेत जयंती-फियंती नको, तुमच्या वस्तीत करा," असे तोंडी सांगून परत पाठवले. पोरे चिडलेली होती. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक त्या कार्यालयाबद्दल, दुसरी आपल्याबद्दल. पहिली त्यांना आवडली, दुसरी आवडली नाही. परंतु दोन्ही सांगणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट. बाग कुणाची? सार्वजनिक पैशाने राखलेली बाग कोणा एका समाजाची नसते. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये स्पष्ट आहे. त्या कलमामागे २० मार्च १९२७ चे महाडचे पाणी आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अर्थात, बाग कोणत्याच कार्यक्रमाला द्यायची नाही असा नियम असेल आणि तो सर्वांना सारखा लागू असेल, तर आपलीही तक्रार नाही. परंतु एकाला बाग आणि दुसऱ्याला वस्तीची वाट, हे समतेच्या अनुच्छेद १४ मध्येही बसत नाही.

म्हणून भांडू नका, अर्ज करा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. नकार असेल तर तो कारणांसह लेखी मागा. माहिती अधिकार कायदा २००५ खाली, मागील तीन वर्षांत ही बाग कोणाकोणाला, कोणत्या अटींवर दिली, याची यादी मागवा. ती हातात आली की प्रश्न निम्मा सुटतो. उरलेल्या निम्म्यासाठी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. तोंडी नकाराला न्यायालयात उभे करता येत नाही, कागदाला करता येते.

आता दुसरी गोष्ट. समजा, बाग मिळाली. तिथे आपण काय वाजवणार? गेल्या काही वर्षांत आपल्या जयंतीचे रूप काय झाले, हे डोळे उघडे ठेवून पाहा. ट्रकवर डीजेच्या भिंती, पुढे नाचणारे तरुण आणि दोन्ही बाजूंनी बंद झालेली दारे-खिडक्या. आत कोण? बाळंतीण, हृदयरोगी म्हातारा, परीक्षेला बसलेली मुलगी. ही आपलीच माणसे आहेत. ज्यांच्यासाठी बाबासाहेब झिजले, त्यांनाच बाबासाहेबांच्या गाण्यापासून कानावर हात ठेवून पळावे लागते, याला काय म्हणायचे?

आपले गाणे असे नव्हते. सत्यशोधकी जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी अक्षर न वाचणाऱ्या समाजाला विचार वाचून दाखवला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते रचली आणि खेडोपाडी, वस्त्यावस्त्यांत फिरून गायिली. समोर मांडीवर लेकरू घेतलेली बाई बसलेली असे. ते गाणे शब्दांसाठी ऐकले जात होते. शब्दच ऐकू येणार नसतील, तर ते भीमगीत असले काय आणि सिनेमातले असले काय, फरक काय उरला?

काही जण म्हणतील, आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालते, तिथे बायामुले येतातच की! येतात. वडसा हे त्या रंगभूमीचे केंद्र, आणि २०२३ मध्ये गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना मिळालेली पद्मश्री हा तिचा गौरव. परंतु तिथे नाटक गावात येते. अंगावर चादर घेऊन गावकरी पायी जातात, पायी परततात. चंद्रपूरच्या कार्यक्रमाला मूल, सावली, सिंदेवाहीकडून आलेल्या कुटुंबाचे काय? रात्री बारा वाजता एसटी नाही, आणि वाट जंगलाची. या भागात वाघाच्या हल्ल्यात माणसे गेली आहेत. अशा जिल्ह्यात मध्यरात्री संपणारा कार्यक्रम म्हणजे खेड्यातल्या बाईला न बोलता केलेली प्रवेशबंदीच. वेळ ही किरकोळ बाब नाही. गाणे कुणापर्यंत पोहोचेल, हे वेळच ठरवते.

कायदाही तेच सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंतची सवलत शासन देऊ शकते, आणि ही चौकट सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कायम ठेवली. निवासी भागातील बागेच्या सीमेवर दिवसाचा आवाज ६५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे किमान शंभर मीटर शासन शांतता क्षेत्र म्हणून घोषित करू शकते. म्हणून बागही पाहूनच निवडावी. हा नियम इतरांना शिथिल आणि आपल्याला कडक लावला गेला, तर लढू. परंतु इतर मोडतात म्हणून आम्हीही मोडू, हा संविधान लिहिणाऱ्याच्या अनुयायांचा युक्तिवाद होऊ शकत नाही.

एप्रिलमध्ये चंद्रपूरचे ऊन माणसाला घराबाहेर पडू देत नाही, म्हणून पाच ते दहा हीच योग्य वेळ. पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, म्हाताऱ्यांना खुर्च्या, एक पुस्तकांचे दुकान, एक तास मुलांच्या गाण्यांचा. डीजेची वर्गणी गायक-गायिका, ढोलकीवाला, पेटीवाला यांच्या मानधनाला द्या. आज त्यांच्यापैकी अनेक जण रोजमजुरीवर जगत आहेत.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा दीक्षाभूमीवर घरेच्या घरे आली होती. एकटा तरुण आला नव्हता, त्याची आई, बायको, लेकरेही आली होती. धम्म कुटुंबाने घेतला, मग धम्माचे गाणे कुटुंबाला का मिळू नये?

त्या तरुणांनी आता लेखी अर्ज दिला आहे. पोच त्यांच्याकडे आहे. अर्जात डीजेचा उल्लेख नाही, तो त्यांनी स्वतःच खोडला.

जय भीम!