त्या तिजोरीत कुणाचे पैसे होते?

मैत्रिणींनो, गेल्या एकादशीला आम्ही चौघीजणी नारायणगडावर दर्शनाला गेलो होतो. मी, माझी नणंद, तिची जाऊ आणि आमच्या शेजारच्या काकू. गड आमच्या बीड जिल्ह्यातला. इकडची माणसं त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. गडाचे मूळ पुरुष नगद नारायण महाराज. आपण बोलता बोलता रोख पैशाला ‘नगदनारायण’ म्हणतो ना, तेच नाव! आणि गंमत अशी, की त्या दिवशी सगळ्या गोष्टी पैशावरच येत होत्या.

दुपारच्या कीर्तनात बुवांनी वाल्या कोळ्याची कथा लावली. कथा आपल्या पाठची. वाटसरूंना लुटणाऱ्या वाल्याला नारद विचारतात, “हे पाप तू ज्यांच्यासाठी करतोस, ते त्यात वाटेकरी होतील का? घरी जाऊन विचारून ये.” वाल्या घरी जातो. बायको-मुलं म्हणतात, “आम्हाला पोसणं तुझं काम. पाप तुझं तू बघ.” कथा ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र मनात म्हटलं, काय हो, त्या बायकोने इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नसेल, की रोजचा हा पैसा येतो कुठून?

गडावरून उतरून आम्ही नणंदेच्या घरी मुक्कामाला गेलो. भगर-आमटी झाली, आवराआवर झाली. भाचा टीव्हीसमोर बसलेला. म्हणाला, “मामी, एक इंग्रजी पिक्चर लावतो. चार सख्ख्या भावांनी बँका लुटल्या त्याची खरी गोष्ट आहे. कुणाला माहीतच नाही हा पिक्चर. पण बघाच.” म्हटलं, एकादशीच्या दिवशी दरोडेखोरांचा सिनेमा? पण काकू म्हणाल्या, “लाव रे. दुपारी वाल्या कोळी झाला, आता त्याचे भाऊबंद बघू.”

सिनेमाचं नाव ‘द न्यूटन बॉईज’. १९९८ साली आला. दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर. मॅथ्यू मॅकॉनहे, ईथन हॉक असे पुढे फार मोठे झालेले नट त्यात आहेत. तरीही चालला नाही. झालेला खर्चसुद्धा निघाला नाही म्हणे. बघताना त्याचं कारण कळलं. दरोडेखोरांचा सिनेमा म्हटल्यावर लोकांना धडाधड गोळीबार, रक्त, सूड हवा असतो. इथे तसलं काही नाही. चार भाऊ आहेत, त्यांची थट्टामस्करी आहे, जुन्या मोटारी आहेत, हॉटेलातल्या खोल्या आहेत आणि अधूनमधून एखादी तिजोरी फुटते. आपल्याकडे दिवाळीत सगळे भाऊ एकत्र जमले की ओसरीवर जी मैफल बसते ना, अगदी तसं वातावरण. मला तर हाच त्याचा गुण वाटला.

आता गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यूटन नावाचं कुटुंब होतं. कापूस पिकवणारं, गरीब. कापसाचं दुःख आपल्या मराठवाड्याला काय सांगायचं! त्यातले चार भाऊ, विलिस, डॉक, जेस आणि जो. विलिसला तरुणपणी कापूस चोरल्याच्या आरोपावरून तुरुंग झाला. चोरी आपण केलीच नव्हती, असं तो म्हातारपणीही सांगत असे. बाहेर आला तो मनात अढी घेऊनच. मग एकेक करून भावांना त्याने आपल्या धंद्यात ओढलं. धाकटा जो तर घोडी शिकवून चार पैसे मिळवणारा साधा पोरगा.

१९१९ ते १९२४ या पाच वर्षांत या भावांनी कितीतरी बँका फोडल्या. त्यांची रीत ठरलेली. लहान गाव निवडायचं. रात्रीची वेळ, तीही शक्यतो थंडीची, कारण थंडीत लोक दारं-खिडक्या लावून गुडुप झोपतात. आधी टेलिफोनच्या तारा तोडायच्या, मग तिजोरीच्या फटीत नायट्रोग्लिसरीन नावाचं स्फोटक ओतून दार उडवायचं. दिवसा पिस्तूल रोखून लोकांना घाबरवण्यापेक्षा हे बरं, असा त्यांचा हिशेब. आम्ही कुणाचा जीव घेतला नाही, याचा त्यांना मोठा अभिमान. पण १९२३ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात त्यांनी भरदिवसा बँकेच्या माणसांवर हल्ला केला, तेव्हा गोळ्या झाडल्याच आणि पोटासाठी नोकरी करणारी ती माणसं जखमी झाली. सिनेमा हा प्रसंग लपवत नाही. तिथे हसू एकदम थांबतं.

शेवटचा मोठा डाव १२ जून १९२४ चा. इलिनॉय राज्यात राँडाउट या ठिकाणी त्यांनी टपालगाडी थांबवली आणि सुमारे तीस लाख डॉलर लुटले. तोवरचा अमेरिकेतला हा सर्वांत मोठा रेल्वेदरोडा. आतली बातमी देणारा कोण, तर चक्क टपालखात्याचा तपास अधिकारी! कुंपणच शेत खात होतं. पण अंधाराच्या गडबडीत त्यांच्याच साथीदाराने डॉकला ओळखलं नाही आणि गोळ्या घातल्या. जखमी भावाला टाकून पळून जाता येईना. त्याच्या औषधपाण्याच्या पायी सगळे सापडले. विलिस आणि डॉकला बारा बारा वर्षांची शिक्षा झाली, जेस आणि जोला कमी. लुटीतला बराचसा पैसा परत गेला. जेसने त्याच्याजवळचे पैसे दारूच्या नशेत कुठेतरी पुरून ठेवले होते. ते त्याला जन्मभर सापडले नाहीत! आमच्या घरात या जागी सगळे खो खो हसले.

सिनेमाचा शेवट मात्र अजिबात चुकवू नका. नावांच्या पाट्या सरकत असताना खरेखुरे न्यूटन भाऊ पडद्यावर येतात. म्हातारा विलिस एका जुन्या माहितीपटात बोलतो. जो १९८० साली टीव्हीवरच्या एका गाजलेल्या मुलाखतीत आपले पराक्रम सांगतो. सुरकुतलेला, गोड हसणारा आजोबा. आपल्या पारावर बसलेला असावा तसा. चार भावांत डॉकची खोड काही गेली नव्हती. १९६८ साली, सत्तरी ओलांडलेली असताना, तो टेक्सासमधल्या एका लहान गावातली बँक फोडताना पुन्हा पकडला गेला.

विलिसचं म्हणणं सिनेमाभर एकच. बँकवाले हेच मोठे चोर, ते गरीब शेतकऱ्याला लुटतात. आपण लहान चोर, मोठ्या चोरांना लुटतो. शिवाय बँकेचा विमा उतरवलेला असतो, मग नुकसान कुणाचं? भाचा म्हणाला, “बरोबरच आहे की, मामी!” आणि खरं सांगते, मलाही क्षणभर पटलं. सावकाराने नाडलेल्या माणसांच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकलेल्या असतात ना.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “अरे, पण त्या तिजोरीत कुणाचे पैसे होते?”

खोलीत कुणी काही बोललं नाही. माझी तर मानच खाली गेली. का, ते आज तुम्हाला सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका पतसंस्थेची फार चलती होती. चकचकीत कार्यालय, हसतमुख मुली, आणि बँकेपेक्षा बरंच जास्त व्याज. मी भिशीचे साठवलेले पैसे तिथे ठेवले. दर महिन्याला व्याज येऊ लागलं, तशी मी घरोघर तिचं कौतुक करू लागले. काकूंच्या यजमानांच्या निवृत्तीचे पैसे आले होते. मीच त्यांना म्हटलं, “काकू, बँकेत कशाला कुजवता? इथे ठेवा की.” त्यांनी माझ्या शब्दावर ठेवले. पुढे एक दिवस संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. माझे गेले ते गेले. काकूंचं उतारवयाचं औषधपाणी त्यात होतं. आजवर त्यांनी मला एका शब्दाने बोल लावलेला नाही. तेच जास्त लागतं हो.

मी तेव्हा एवढा साधा प्रश्न विचारला नव्हता, की बाकीच्यांपेक्षा इतकं जास्त व्याज ही संस्था आणते कुठून? वाल्याच्या बायकोला नावं ठेवणारी मी, आणि मीही नगद हातात पडतेय तोवर गप्पच होते.

विलिसची बायको लुईझ हीसुद्धा अशीच. एक मुलगा पदरी असलेली, कष्टाने पोट भरणारी बाई. नवरा तेलाच्या धंद्यात आहे अशा समजुतीत असते. झकपक कपडे, मोटार, हॉटेल. खरं कळतं तेव्हा चिडते. पण मला वाटलं, तिच्या मनात शंका आधी आलीच नसेल का? सिनेमात मला एकच उणीव वाटली. बायकांच्या मनात तो फार शिरत नाही. भावांची आई दिसते, बायको दिसते, पण त्यांच्या रात्री कशा गेल्या असतील ते आपल्यालाच ताडावं लागतं.

रात्री अंथरुणं घातल्यावर नणंदेच्या सासऱ्यांनी उमरीची आठवण काढली. नांदेड जिल्ह्यातली उमरी. निजामाच्या राजवटीत, ३० जानेवारी १९४८ रोजी, स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी तिथल्या हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला. लाखो रुपये हाती आले. ज्या दिवशी दिल्लीत गांधीजी गेले, तोच हा दिवस. तो पैसा रझाकारांशी चाललेल्या लढ्यासाठी होता. त्याचा हिशेब ठेवला गेला, आणि मराठवाड्यातली जुनी माणसं अजून त्या हिशेबाबद्दलच अभिमानाने बोलतात. पुढे १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. आजोबा म्हणाले, “पोरी, बँक तिकडेही लुटली, इकडेही लुटली. पण यांना कुणी विचारलं असतं, पैशाचं काय केलं, तर वही पुढे करता आली असती.”

मला वाटतं, दोन्ही गोष्टींतला फरक त्या वहीत आहे. न्यूटन भावांच्या काळी अमेरिकेत सामान्य माणसाच्या ठेवीला सरकारी विम्याचं संरक्षण नव्हतं. तो कायदा तिकडे १९३३ साली झाला. विलिस म्हणतो तो विमा बँकेचा. खेड्यातल्या बाईच्या चार पैशांचा नव्हे. आपल्याकडे केरळातली पलई सेंट्रल बँक १९६० साली बुडाली, लोक देशोधडीला लागले, आणि मग १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. सुरुवातीला फक्त १५०० रुपयांपर्यंत. १९९३ साली एक लाख झाला आणि फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख.

तेव्हा मैत्रिणींनो, सिनेमा जरूर बघा, हसा. पण उठल्यावर कपाटातल्या पावत्या एकदा काढून बसा. हा पाच लाखांचा विमा बँकांमधल्या ठेवींना आहे, सहकारी बँकासुद्धा त्यात येतात. पतसंस्थांना आणि मल्टिस्टेट पतसंस्थांना तो नाही. नावात काहीही असो, ही बँक आहे का पतसंस्था, हे पावती हातात घेऊन विचारा. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत एकाच नावाने ठेवलं तरी हिशेब एकत्रच होतो. म्हणून जास्त रक्कम असेल तर दोन वेगळ्या बँकांत ठेवावी. वारसाचं नाव लावलंय का ते पाहावं. पावत्यांचे नंबर एका वहीत लिहून ती वही मुलीला किंवा सुनेला दाखवून ठेवावी. आणि कुणी जास्त व्याज सांगितलं, की भीड न धरता विचारावं, “इतकं कुठून देता?”

घरातसुद्धा विचारावं बरं का. नवऱ्याने किंवा मुलाने अचानक जास्तीचे पैसे आणून हातावर ठेवले, तर आधी देवापुढे ठेवा, हळदीकुंकू वाहा आणि मग प्रेमाने विचारा, की हे आले कुठून? विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. न्यूटनांच्या घरी कुणी वेळेवर विचारलं असतं, तर धाकटा जो कदाचित घोडीच शिकवत राहिला असता.

परवा काकूंना घेऊन बँकेत गेले होते. माझ्या नव्या भिशीतून दर महिन्याला थोडे थोडे त्यांच्या खात्यात भरायचं मी ठरवलंय. काकू नको म्हणत होत्या. मग पासबुक हातात घेऊन, चष्मा नीट करून त्यांनी विचारलं, “हे कुठून आणलेस गं?” मी म्हटलं, “शिवणाचे आहेत, काकू. वही दाखवू का?”

तेव्हा कुठे हसल्या.