कोळशावरचा सेस गेला; पण त्यातून जमलेला पैसा गेला कुठे?

शेतात सौरपंप बसला की गावात पहिली चर्चा होते ती अनुदानाची. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते. बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतं. पण अशा स्वच्छ विजेसाठी देशाने फार आधी एक वेगळी तिजोरी उघडली होती, हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

1 जुलै 2010 पासून केंद्राने कोळशाच्या प्रत्येक टनावर 50 रुपये सेस लावला. 2014 मध्ये तो 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपये झाला. हिशोब साधा होता. धूर करणाऱ्याने पैसे मोजायचे आणि त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा करून नवं तंत्रज्ञान, संशोधन पुढे न्यायचं.

प्रत्यक्षात काय झालं? 2010-11 ते 2017-18 या काळात सुमारे 86 हजार 440 कोटी रुपये जमले. निधीत पोचले जेमतेम 30 हजार कोटी आणि प्रकल्पांना मिळाले सुमारे 16 हजार कोटी. त्यातलेही काही गंगा शुद्धीकरणाकडे वळले. गंगा स्वच्छ व्हायलाच हवी, पण ते ऊर्जा संशोधन नव्हे. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा सेस राज्यांच्या भरपाईच्या खात्यात गेला.

मग सौर वीज स्वस्त झाली ती कशाने? 2010 च्या आसपास युनिटला 11-12 रुपये पडणारी सौर वीज 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला इथल्या लिलावात 2 रुपये 44 पैशांवर आली. चीनमधून स्वस्त पॅनेल आले हे एक कारण. दुसरं म्हणजे 25 वर्षांच्या खरेदी कराराची हमी. माल नक्की विकला जाणार म्हटल्यावर पैसा लावणारे पुढे येतात, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. सेसचा रेटा त्यामानाने कमीच. एका टनातून साधारण दीड हजार युनिट वीज धरली, तर 400 रुपये म्हणजे युनिटला 25-27 पैसे.

खरी अडचण आहे रात्रीची. सूर्य मावळला की भार पुन्हा कोळशावर. वीज साठवण्याच्या स्वस्त तंत्राला पैसा हवा होता, तो तिजोरीत असून हलला नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून हा 400 रुपयांचा सेसही गेला. कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला आणि सौर उपकरणांवरचा 12 वरून 5 टक्क्यांवर आला. दुसरा बदल चांगलाच. पहिल्यात मात्र मेख आहे. हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशावर आधी 450 रुपये कर पडायचा, आता 180. चार हजारांच्या कोळशावर 600 पडायचे, आता 720. म्हणजे जास्त राख करणारा हलका कोळसा स्वस्त झाला!

यावर उतारा म्हणून कार्बन क्रेडिट व्यापार योजनेकडे बोट दाखवलं जातं. ती 2023 मध्ये अधिसूचित झाली. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या कारखान्याने क्रेडिट विकत घ्यायचं, कमी सोडणाऱ्याने विकायचं. ऑक्टोबर 2025 मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली उद्योगांना उद्दिष्टं दिली गेली. सर्वाधिक कोळसा जाळणारी औष्णिक वीज केंद्रं त्या यादीत नव्हती.