वशिंडवाला मासा आणि लोणावळ्याची भेट

वीकेंडला लोणावळ्याला कोण जात नाही? भुशी डॅमच्या पायऱ्या, टायगर पॉइंटवरची भजी, आणि परतताना कुठल्या दुकानातली चिक्की ‘ओरिजिनल’ यावरून गाडीत हमखास होणारं भांडण. एवढं झालं की सुट्टी वसूल! पण याच लोणावळ्यात, वळवणला, गेली पन्नासेक वर्षं एक भलताच उद्योग चाललाय. तिथे मासे जन्माला घालतात. साधेसुधे नव्हेत, महसीर. नदीतला वाघ म्हणतात याला. अंगावर तळहाताएवढे खवले, जाड ओठ, आणि गळाला लागला की भल्याभल्या पैलवानाला फरपटत नेईल अशी ताकद. आणि हा उद्योग करतं कोण? मत्स्य खातं नव्हे, कुठली एनजीओ नव्हे, तर वीज कंपनी. टाटांची.

वीज कंपनीला माशांचा एवढा पुळका का, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुरातून सोडवायला टाटांनी १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू केलं. आयडिया सॉलिड होती. पूर्वेला वाहणारं पाणी घाटमाथ्यावर धरणं बांधून अडवायचं आणि पाइपातून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचं. मग भिवपुरी आलं, भिरा आलं, मुळशी आलं. मुळशीसाठी गावं बुडाली, सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो इतिहास आपण शाळेत वाचलाय. पण माशांचं काय झालं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

महसीर हा चढणीचा मासा. पावसाळ्यात नदी फुगली की हा प्रवाहाच्या उलट, वर वर जातो आणि उथळ, खळाळत्या, थंड पाण्यात गोट्यांच्या-रेतीच्या थरावर अंडी घालतो. अंड्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो, म्हणून पाणी वाहतं हवं. आता त्याच्या वाटेत मध्येच भिंत उभी करा. उडी मारण्यात हा पठ्ठ्या पटाईत, पण धरणाची भिंत म्हणजे गावातला बंधारा नाही. वर जाता येत नाही, आणि भिंतीमागे साठलेल्या पाण्याखाली रेतीवर गाळ बसतो. रोही-कटला तळ्यात मजेत वाढतात, महसीरला वाहती नदीच लागते.

धरणाखाली तर आणखी गंमत. कोलाडला राफ्टिंग केलंय ना? मग आठवा, इन्स्ट्रक्टर सकाळी घाई करत असतो, कारण वरच्या वीजघरातून पाणी सुटलं तरच राफ्ट चालते. पाणी बंद झालं की थोड्या वेळापूर्वी उसळणारी नदी परत ओढ्यासारखी. आपल्याला त्यात थ्रिल. पण काठाजवळच्या उथळ रेतीत कुणी अंडी घातली असतील तर? सकाळी पाण्यात, दुपारी उन्हात. विजेची मागणी वाढली की जनित्रं चालू, कमी झाली की बंद. आपल्या एसीच्या टायमिंगवर नदीची भरती-ओहोटी ठरते. जलविद्युत ‘क्लीन’ असते हे खरंच, धूर निघत नाही. फक्त नदीच्या बाजूने बघितलं तर हिशेब जरा वेगळा येतो.

तर, टाटांच्या तलावांत महसीर होता आणि तो कमी होत होता. १९७०च्या सुमाराला डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञाने हे काम हातात घेतलं. पावसाळ्यात ओढ्यांकडे झेपावणारे नर-मादी पकडायचे, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि पिल्लं बोटाएवढी झाली की सोडायची. पुढे श. ना. ओगले यांनी हे तंत्र आणखी पक्कं केलं. हा मासा मूळचा आपल्याच घरचा, बरं का. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं. त्याचं शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’, त्यातलं खुद्री हे त्याने इथल्याच बोलीतून उचललं. (आजच्या मुळा-मुठेत बंडगार्डनच्या पुलावरून हा मासा शोधायचा प्रयत्न करू नका. नाकाला रुमाल लावून परत याल.)

वळवणचा प्रयोग जमला, बोटुकल्या लाखांनी तयार व्हायला लागल्या, आणि मग माणसाला जे सुचतं तेच झालं. आपल्याकडे एवढे आहेत, तर दुसऱ्यांनाही देऊ या! वेगवेगळ्या राज्यांत लोणावळ्याच्या महसीरची पार्सलं रवाना झाली. त्यातलं एक कर्नाटकात, कावेरीला गेलं.

कावेरीत स्वतःचा महसीर नव्हता का? होता, आणि कसला! पाठीवर बैलासारखं वशिंड, नारिंगी पर, आणि वजन ऐकाल तर हातातला मासा खाली पडेल. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंजेन घराण्यातल्या एकाने काबिनी नदीत १२० पौंडांचा म्हणजे जवळजवळ ५४ किलोंचा महसीर गळाने पकडला. वाघांची मुंडकी पेंढा भरून भिंतीवर लावणारे हेच ते व्हॅन इंजेन. अँगलिंगवाल्यांच्या जगात कावेरी म्हणजे पंढरीच. त्यात नदीवर धरणं वाढत गेली, डायनामाइटने मासे मारणं वाढलं, म्हणून सत्तरच्या दशकात ‘महसीर वाचवा’ अशी हाक उठली. अँगलर्सच्या संघटनेनेच नदीचा एक पट्टा सांभाळायला घेतला. चोरून मासे मारणाऱ्या गावकऱ्यांना गाइड आणि राखणदार म्हणून नोकऱ्या मिळाल्या. जंगलात कॅम्प उभे राहिले. परदेशी पाहुणे यायचे, नाचणीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा गळाला लावून तासन्‌तास बसायचे, मासा पकडायचे, वजन करायचे, फोटो काढायचे आणि परत पाण्यात सोडायचे. आणि या सगळ्याला हातभार म्हणून नदीत सोडले गेले लोणावळ्याचे निळ्या परांचे महसीर. महसीर तो महसीर! त्या वेळी कुणालाच यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार तरी कसं?

दिसलं ते वह्यांमुळे. गालिबोरच्या कॅम्पवर प्रत्येक पाहुण्याने किती तास गळ टाकला, किती मासे लागले, कितीचे लागले याची नोंद ठेवली जायची. अॅड्रियन पिंडर हा ब्रिटिश शास्त्रज्ञ (स्वतः पक्का गळवाला) आणि केरळचे राजीव राघवन यांनी १९९८ ते २०१२ या वर्षांच्या नोंदी तपासल्या. सहा हजारांहून जास्त मासे होते त्यात. वरवर बघितलं तर सगळं झकास. तासाला मिळणारे मासे वर्षागणिक वाढत होते, म्हणजे संवर्धन यशस्वी, पेढे वाटा! पण सरासरी वजन घसरत चाललं होतं. मग त्यांनी निळे पर वेगळे काढले, नारिंगी पर वेगळे काढले. आणि चित्र उलटंपालटं झालं. वाढत होते ते सगळे निळे. वशिंडवाले दरवर्षी कमी, आणि जे मिळत होते ते मोठे, म्हातारे. पोरं नव्हतीच. ज्या वस्तीत फक्त आजोबा उरलेत, तिचं पुढे काय होणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

म्हणजे बघा, ज्यांनी कावेरीत मासे सोडले त्यांनी ते प्रेमाने सोडले. पण पाहुण्याने घर व्यापलं. भिगवणला आपण ताव मारून खातो ती चिलापी आठवा. मूळची आफ्रिकेची, आज उजनीच्या जाळ्यात तीच तीच. ती परकी आहे हे निदान कळतं तरी. लोणावळ्याचा महसीर कावेरीत परका आहे हे कळायला मात्र अनेक वर्षं गेली, कारण नाव एकच होतं. आणि धरणांनी अंडी घालायच्या जागा आधीच आकसलेल्या, त्यात हा वाटेकरी.

सगळ्यात कहर पुढेच आहे. जगभरच्या अँगलर्सच्या दिवाणखान्यात ज्याचे फोटो लटकतात, त्या वशिंडवाल्याला तोवर पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं! कावेरीच्या मुख्य पात्रात नमुना मिळेना, तेव्हा पिंडर-राघवन मंडळी उपनद्या धुंडाळत मोयारपर्यंत पोचली. मोयार म्हणजे बंदिपूर-मुदुमलाईच्या जंगलातून वाहणारी नदी. तिथे तो सापडला. २०१८ साली जाहीर झालं की हा ‘टॉर रेमादेवी’, केरळच्या पांबार नदीतल्या पिल्लांवरून २००७ मध्येच ज्याचं वर्णन झालं होतं तोच. त्याच वर्षी आययूसीएनच्या लाल यादीत त्याची नोंद झाली, थेट ‘अतिधोक्यात’ या रकान्यात. आपला निळ्या परांचा खुद्री मात्र आता त्या यादीत ‘फारशी चिंता नाही’ या गटात जाऊन बसलाय. त्याबद्दल लोणावळ्याचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाही हवं. फक्त दोन्ही बातम्या शेजारी-शेजारी ठेवून वाचायच्या.

आता गळवाल्यांचं काय? ‘मजेसाठी एका जिवाच्या तोंडात हूक घालायचा आणि वर म्हणायचं आम्ही निसर्गप्रेमी’ हा टोमणा मला पटतो. आणि तरी २०१२ मध्ये अभयारण्यातलं अँगलिंग बंद झालं तेव्हा नेमकं काय गेलं, तेही बघायला हवं. कॅम्पवरच्या गाइडचा पगार गेला, रात्री नदीवर बॅटरी घेऊन फिरणारं माणूस गेलं आणि वही गेली. डायनामाइट टाकणारा बंदीचा बोर्ड वाचून परत जात नाही. माझ्या मते गळ चालेल, पण कडक नियम आणि नोंदवही यांच्यासकट. नुसती बंदी ही स्वस्तातली सुटका आहे.

तुमच्यापैकी ज्यांना नव्याने हा नाद लागलाय (ऑफिसातले निम्मे लोक हल्ली पवनेला टेंटबरोबर रॉडही घेऊन जातात) त्यांनी एवढं पाळा. धरणात मासेमारीचा हक्क बहुधा तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी विचारा. हूक बिनकाट्याचा वापरा. मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग रोग लागतो. फोटो पाण्यातच काढा. पाच मिनिटं सेल्फी काढून मग ‘रिलीज’ केलेला मासा पोहत जातो, पण पुढे जगतोच असं नाही. मोठी मादी तर अजिबात दमवू नका, सगळ्यात जास्त अंडी तिच्याच पोटात असतात. आणि वाढदिवसाला, पुण्य म्हणून किंवा ऑफिसच्या सीएसआरमध्ये कुठल्याही नदीत कुठलेही मासे सोडू नका. बोटुकली बघून ती कुठल्या नदीची हे तुम्हाला-मला ओळखता येत नाही.

महसीर डोळ्यांनी बघायचाच असेल तर रॉड घरी ठेवा आणि महाड तालुक्यात वाळणकोंडाला जा. काळ नदीचा डोह, काठी वरदायिनी देवीचं ठाणं. हे देवीचे मासे, त्यामुळे गावात कुणी त्यांना हात लावत नाही. कुरमुरे टाका, की काळ्याशार पाण्यातून हातभर लांबीचे खुद्री वर येतात. इथे कुणी धरण बांधलं नाही, कुणी बाहेरून मासे आणून सोडले नाहीत, आणि पकडायला कुणी धजावत नाही. वशिंडवाल्याला असा डोह कुठे आहे? मोयारच्या वरच्या अंगाला पायकाराची वीजघरं १९३०च्या दशकापासून चालू आहेत, आणि विजेची मागणी वाढली की तिथेही पाणी सोडतात.