ऑन एअर बारसं

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, हा सीन आपण सगळ्यांनी पाहिलाय. आता जरा उलटा सीन बघा. बायको ऑलरेडी रेडिओवर, नवरा तिच्या शोमध्ये नवा भिडू. आणि त्याचं नाव ठेवायचंय तिने!

आमच्या एका मैत्रिणीवर सध्या हीच वेळ आलीय. ही पक्की पुणेकर, नोकरी आयटीत. दर रविवारी सकाळी एका कम्युनिटी रेडिओवर गप्पा मारते. नवरा वाशिमचा, तोही थेट पाटणी चौकातला. जोडीने शो करायचा ठरलं तेव्हा स्टेशनवाले म्हणाले, नाव काहीतरी कॅची द्या. झालं, आमच्या लंच टेबलला आठवडाभराचं काम मिळालं.

पहिलं सजेशन अर्थातच ‘जावईबापू’. सगळे खूश, तो सोडून. ‘‘म्हणजे मी कायम पाहुणाच का?’’ मुद्दा बरोबर होता. मिस्टर अमुक, जिजू, जावई ही सगळी नावं बायकोच्या नावाला टांगलेली. रविवारी तिला सुट्टी हवी असेल तर हा एकटा काय म्हणून बोलणार?

रेडिओवर हे दुखणं जुनंच आहे. मुंबई आकाशवाणीची ‘पुन्हा प्रपंच’ ही श्रुतिका आईबाबांना विचारा. पंत म्हणजे बाळ कुडतरकर, टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी आणि मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. याच नीलम प्रभू पुढे संगीतकार यशवंत देवांशी लग्न करून करुणा देव झाल्या. घरातलं नाव बदललं, पण श्रोत्यांच्या कानात त्या मीनावहिनीच! विविध भारतीवर युनूस खान आणि ममता सिंह हे नवराबायको दोघंही निवेदक. ममता सिंह ‘रेडिओसखी’ म्हणून ओळखल्या जातात. मला हे नाव जाम आवडतं. त्यात नवरा कुठेच नाही, नातं आहे ते थेट ऐकणाऱ्याशी.

आमच्यातल्या एका इतिहासप्रेमीने ‘वत्सगुल्म’ सुचवलं. वाशिमचं हे प्राचीन नाव, वाकाटकांच्या एका शाखेची तिथे राजधानी होती. अभिमान वगैरे सगळं ठीक आहे हो, पण दोन जोडाक्षरं माइकसमोर म्हणून बघा! शिवाय माइकचे स्वतःचे नखरे असतात. ‘प’, ‘फ’, ‘भ’ जोरात म्हटले की हवेचा फटका बसतो, ‘स’ आणि ‘श’ शिट्टी मारतात. त्यात ऐकणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे दोघांची नावं यमक जुळवणारी असली की कोण कोणाला हाक मारतंय तेच कळत नाही. सोनू-मोनू लग्नपत्रिकेत गोड, रेडिओवर गोंधळ.

खरी गोची मात्र वेगळीच होती. ही घरी त्याला सरळ ‘अरे’ म्हणते. वाशिमला गेली की ‘अहो’. रविवारचा शो सासूबाई वाशिममध्ये मोबाइलवर ऐकतात, शेजारणींना घेऊन. म्हणजे ऑन एअर ‘अरे’ म्हटलं तर तिकडे भुवया वर, आणि ‘अहो’ म्हटलं तर इकडे ऑफिसमधली पोरं सोमवारी दिवसभर ‘अहो, फाइल द्या ना’ करणार. त्याचं पाळण्यातलं नाव वापरावं, तर ते चारचौघांत घेतलेलं आईंना चालत नाही. (उखाणा घेऊन प्रत्येक गाण्याआधी? आम्ही हेही सुचवून पाहिलं. दोन रविवारांत स्टॉक संपला असता.)

शेवटी नाव सापडलं ते त्याच्याच तोंडात. ट्रॅफिक लागला, ‘‘काय राजेहो!’’ पगार जमा झाला, ‘‘काय सांगू राजेहो!’’ अस्सल वऱ्हाडी माणसाचं वाक्य या शब्दाशिवाय पुढे सरकत नाही. तेच ठेवलं, ‘राजेहो’! उघडे स्वर, शेवटी लांब ओढता येणारा ‘हो’, आणि आदर आयताच आत बसलेला. बायकोने हाक मारली तरी ‘अरे’ नाही, ‘अहो’ नाही. फोन करणारा रिसोडचा काका असो की कोथरूडची कॉलेजकन्या, दोघांनाही न अवघडता म्हणता येतं.

‘आरजे राजेहो’ मात्र चाललं नाही. सलग पाच वेळा म्हणून बघा, जिभेची गाठ बसते. तेव्हा ‘आरजे’ला कात्री लागली.

सासूबाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, ‘‘हे काय नाव झालं? इथं तर सगळेच राजेहो.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण तू म्हणून दाखव बरं एकदा.’’ हिने म्हटलं. तिकडून शेजारणीच आधी हसल्या. पहिला शो येत्या रविवारी, साडेनऊला.